हमीदभाईंच्या डब्यातला कापूस

बातमी फोनवर आली आणि बातमीतच विनोद होता. "गजूभाऊ, ऐकलं का? डबेवाला हमीद गेला. अकोल्याच्या दवाखान्यात होता म्हणते. शेवटी त्याचाही डबा झाला पाह्य!" असं म्हणून वासुदेव हसला. वासुदेव म्हणजे अकोटच्या जीप स्टँडवरचा माझा जुना सोबती. मी गाडी चालवायचो त्या काळात आमच्या गाड्या एकामागे एक नंबरला लागायच्या. फोन आला तेव्हा मी नांदगाव पेठच्या कापड गिरणीत, मेंटेनन्सच्या खोलीत उभा होतो. मी काय केलं? "हं" म्हटलं. "कधी?" एवढं विचारलं आणि फोन ठेवला. राग आला तो नंतर, घरी जेवायला बसल्यावर. ताटावरून उठलो. बायको म्हणाली, काय झालं? काही नाही म्हटलं. महिना उलटून गेला, तो राग अजून गेलेला नाही.

अकोट-अंजनगाव-दर्यापूर या टापूबाहेरच्या वाचकांना तो विनोद कळणार नाही, म्हणून सांगतो. आमच्याकडे दुरुस्त करायला घेतलेली वस्तू जास्तच बिघडली की लोक म्हणतात, "हमीदचा डबा झाला." लग्नाचा मांडव कोसळला, हमीदचा डबा. नळाला नवीन तोटी बसवली आणि घरभर पाणी झालं, हमीदचा डबा. हमीद नावाचा कुणी माणूस होता, त्याला बायको होती, मुलगी होती, त्याला आंबाडीची भाजी आवडायची आणि अत्तराशिवाय तो घराबाहेर पडत नसे, हे माहीत नसलेली पोरंसुद्धा म्हणतात. मी हा लेख त्या म्हणीविरुद्ध लिहितो आहे. शेवटी काही उघड केल्याचा आव आणायला नको, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. डबा चांगला होता. त्यात कापूस भरला होता, आणि तो मी भरला होता.

बी.कॉम. होऊन मी घरी बसलो होतो. अकोटच्या अलीकडे आमची कोरडवाहू काळी जमीन. मोठ्या भावानं शेती धरली, मी गाडी धरली. गाडी जुनी, डिझेलची, दहा सीटची. मागच्या दारावर लाल तिरप्या अक्षरांत 'टर्बो' लिहिलेलं. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा एक पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि गाडीला चढावर दम येतो. अकोटहून धारणीकडे जाताना पोपटखेडच्या पुढं डोंगर लागला की माझ्या गाडीचा टर्बो शीळ घालायचा आणि मला आपण कुणीतरी असल्यासारखं वाटायचं. पण दुसऱ्याच वर्षी शीळ बसली. निळा धूर सुटला, चढावर दम तुटायला लागला. बाजार करून परत निघालेल्या कोरकू बाया खाली उतरून पायी चढायच्या आणि वर जाऊन आमची वाट पाहत बसायच्या. अमरावतीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाडी दाखवली. तिथल्या टायवाल्या माणसानं बॉनेट न उघडताच सांगितलं, टर्बो बदला, इंजिन उतरवा. मी गाडी तशीच खोकलत अकोटला आणली आणि हमीदभाईंच्या दारात उभी केली.

हमीदभाईंचं काम रेडिएटरचं आणि सायलेन्सरचं. गळकी टाकी, फवारणीच्या पंपाची फुटलेली टाकी, दुधाचा कॅन, जे गळत असेल ते तिथं जायचं. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठे. बाकीचे मिस्त्री काळ्या कपड्यांत असायचे. हे पांढरा सदरा घालून ब्रेझिंग करायचे, म्हणजे ज्योतीनं पितळ वितळवून जोड द्यायचे, आणि संध्याकाळी सदऱ्यावर डाग नाही हे स्टँडवर येऊन दाखवायचे. फुशारकी अशी, की अर्धं अकोट त्यांना टाळायचं.

"कोनाले दाखवली पहिले?" त्यांनी विचारलं.

"अमरावतीले."

"मंग अमरावतीलेच ठेवाची होती. इकडं काहून आणली, लाटसाहेब?"

पण तोपर्यंत त्यांनी टर्बोच्या तोंडाचा रबरी पाइप काढून आत बोट घातलं होतं. बोट काळंभोर तेलानं माखून बाहेर आलं. ते माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "हे पाह्य. हिचा ढेकर हिलेच खाऊ घालून राहिले. मंग पोट बिघडन नाई तं काय होईन?" इंजिनच्या पोटातून तेलाची वाफ बाहेर पडते. ती एका नळीनं परत टर्बोच्या तोंडाशी आणून सोडलेली असते, म्हणजे पुन्हा जळून जावी. नवीन इंजिनात वाफ थोडी, चालून जातं. माझं इंजिन म्हातारं; वाफेसोबत तेलच यायचं, टर्बोत आणि पुढच्या पाइपांत साचायचं, जळायचं, धूर व्हायचा. हमीदभाई म्हणाले, मधे एक डबा बसवू. वाफ डब्यात जाईल, तेल खाली बसेल, कोरडी हवा पुढं जाईल. आठवड्यातून एकदा डबा रिकामा कर. बस.

डबा कुठला? तर भाभींचा साखरेचा. स्टीलचा, चांगला जाड. दुकानाच्या मागेच घर होतं. रेहानाभाभींचा आवाज आतून आला, "मेरा शक्कर का डब्बा किदर गया जी?" हमीदभाईंनी मला डोळ्यानं गप्प बसवलं आणि ओरडले, "मुंग्या लागल्या होत्या, धुवाले घेतला!" साखर त्यांनी पेपरावर ओतून ठेवली होती आणि मुंग्या त्यानंतर लागल्या. डब्याच्या झाकणाजवळ आत येणारी एक नळी, बाहेर जाणारी एक, तळाला पाण्याच्या फिल्टरची तोटी. झाकणाला बोल्ट, म्हणजे उघडता यावं. पहिल्या वेळी त्यांनी नळ्या कथलानं जोडल्या. इंजिनच्या उष्णतेनं कथील वितळलं आणि डबा वाटेतच लोंबकळायला लागला. ते सांगितलं तर म्हणाले, "रस्ता खराब आहे तुह्या धारणीचा." पण दुसऱ्या दिवशी गुपचूप सगळे जोड पितळेचे केले. आत त्यांनी चहाची गाळणी आडवी बसवली आणि तिच्यावर भांडी घासायची तारेची घासणी मोकळी करून ठेवली. मी ती दाबायला गेलो तर हातावर चापट बसली. "ठासू नको बे! तिले श्वास घेऊ दे. तार तेल अडवते, हवा जाऊ देते. दोन्ही झालं पाह्यजे." मग लाल ऑइलपेंटनं डब्यावर स्वतःचं नाव लिहिलं. गाडी माझी, डबा भाभींचा, नाव यांचं!

धूर थांबला. टर्बो पुन्हा शीळ घालू लागला. पहिल्या आठवड्यात तोटी उघडली तर वाटीभर घाण तेल निघालं, ते मी स्टँडवर फिरवून दाखवलं. मग स्टँडवरच्या निम्म्या गाड्यांना हमीदभाईंचे डबे लागले. 'डबेवाला' हे नाव तेव्हाचं, कौतुकानं पडलेलं. ते स्टँडवर यायचे, एकेकाचं बॉनेट उघडून आपलं नाव पाहायचे, पेंट उडाला असेल तर मालकाला झापायचे. असह्य झाले होते, खरं सांगतो. पण त्या वर्षांत आमच्याकडे छाती काढून चालावं असं फार कुणाजवळ काही नव्हतं. हमीदभाईंजवळ होतं.

कापसाचे भाव पडले त्या वर्षांबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे. मी फक्त आमच्या घरातलं सांगतो. कापूस घरात होता. समोरच्या खोलीत छताला लागेल एवढा. व्यापाऱ्याचा माणूस यायचा, चिमटीत बोंड धरून ओढायचा, तोंड वाकडं करायचा आणि असा भाव बोलायचा की बाबा उठून आत जायचे. विकायचा नाही म्हणाले. मग तो कापूस घरात आणि आम्ही ओसरीत. अंगाला सारखी खाज. आलेल्या पाहुण्याला बसवायला जागा नाही. मांजरीनं त्यात पिल्लं दिली. आई म्हणाली, चला, कोणाच्या तरी कामी आला. अशात एक दिवस मी डब्याचं झाकण उघडलं. आतली घासणी गंजून तिचा भुगा व्हायला लागला होता. भुगा टर्बोत गेला तर पंखा खराब होणार, म्हणजे घासणी बदलणं भागच होतं. किराणा दुकान समोर होतं. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि मला एकदम असा संताप आला... घरात छतापर्यंत कापूस, आणि मी घासणी विकत आणू? मी आत जाऊन दोन्ही मुठी भरून कापूस आणला, सरकी काढली आणि डब्यात ठासला. दिव्याची वात तेल पिते हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कापसाइतकं तेल दुसरं कोण धरणार?

आणि त्यानं धरलं! आठवड्यानं तोटी उघडली, थेंबही आला नाही. मला वाटलं, इंजिन सुधारलं. मी स्टँडवर छाती फुगवून सांगितलं, घासणी काढा, घरचा कापूस टाका. कापूस तेल पिऊन फुगत होता, दबून नमद्यासारखा घट्ट होत होता, डब्याची वाट बंद करत होता, आणि इंजिनचा ढेकर आत कोंडत चालला होता, हे मला कसं कळणार? हमीदभाईंना विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही. त्यांनी आणखी फुशारकी मारली असती, हे मला नको होतं.

त्या दिवशी हमीदभाई माझ्याच गाडीत होते. धारणीला भाच्याची मंगनी, म्हणून पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात पांढरा रुमाल, गाडीभर अत्तराचा वास. पुढच्या सीटवर बसून मागच्या बायांना सांगत होते, "या गाडीत माहा डबा आहे, बाई, म्हनून चढून राहिली." अर्धा चढ झाला आणि इंजिन किंचाळलं. मी पाय काढला, तरी आवाज वाढतच गेला. ब्रेक मारून गाडी थांबवली, न्यूट्रल केली, किल्ली बंद करून बाहेर काढली. किल्ली माझ्या हातात आणि इंजिन ओरडतंच आहे! कोंडलेल्या दाबानं पोटातलं तेल टर्बोच्या सीलमधून पुढं ढकललं होतं. डिझेल तोडलं तरी इंजिन आता स्वतःचंच तेल जाळून धावत होतं. असं इंजिन फुटू शकतं, पेटू शकतं. पांढऱ्या धुरानं रस्ता दिसेना. मागचं दार सामानासकट बाहेरून दोरानं बांधलेलं, आत बाया आणि त्यांची लेकरं ओरडत होती.

मी पळालो. हे वाक्य मी कुणासमोर कधी बोललो नाही. कडेच्या सागाच्या झाडापर्यंत पळालो आणि तिथून पाहत राहिलो. हमीदभाईंनी बॉनेट उघडलं, टर्बोच्या तोंडाचा पाइप हिसकून काढला आणि गळ्यातला रुमाल त्या तोंडात कोंबला. हवा तोडली की इंजिन मरतं. पंख्यानं रुमाल ओढून घेतला आणि रुमालासोबत उजव्या हाताची दोन बोटं. इंजिन घरघरून बंद पडलं. नंतरच्या त्या शांततेत त्यांनी हाताकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि म्हणाले, "गज्या, दोर सोड."

बाया आणि लेकरं सुखरूप उतरली. बोटं गेली.

पुढचं मला राग आल्याशिवाय सांगता येत नाही. गाडी ओढून अमरावतीला त्याच वर्कशॉपमध्ये नेली. त्याच टायवाल्यानं डबा बोटानं वाजवला, उघडला नाही, नाव वाचलं आणि हसला. "असले लोकल डबे लावल्यावर अजून काय होणार?" मी समोर उभा होतो. डबा उघडा, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. त्याचं वाक्य माझ्याआधी अकोटला पोचलं. स्टँडवरच्यांनी आपापले डबे काढून नाल्यात फेकले आणि कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं, "हमीदचा डबा हमीदलेच खाऊन गेला." सगळे हसले. मीही तिथं होतो. रडावं अशा गोष्टीवर माणसं हसतात तेव्हा त्यांच्या पोटात काय असतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

हाताला पट्टी असतानाच हमीदभाईंनी मला डबा घेऊन बोलावलं. डाव्या हातानं एकेक बोल्ट काढला. वेळ लागला. मी मदतीला हात पुढं केला तर म्हणाले, "बस तू." झाकण निघालं. आतून त्यांनी मेलेल्या उंदरासारखा तो काळा बोळा ओढून काढला, पाटीवर ठेवला आणि त्याचा एक धागा चिमटीत ओढून पाहिला.

"घरचा हाये?"

"हो."

"लांब धाग्याचा हाये. चांगला हाये," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "स्टँडवर जाऊन सांग."

"तुमी सांगा नं, हमीदभाई. तुमच्याजवळ हा बोळाच आहे."

"मी?" ते हसले. "तू सांगशील तं लोक म्हनतीन, पोरगा खरा बोलते. मी सांगन तं म्हनतीन, बोटं गेली पन मियाँचे बहाणे गेले नाई. माह्या तोंडून ते खोटंच होते, गज्या. तुह्या तोंडून खरं होईन. काहून, ते तुले माहीत आहे."

मला माहीत होतं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. सांगतो म्हटलं आणि सांगितलं नाही. गाडी पुन्हा लाइनीवर लावायची होती. त्या दिवशी गाडीत असलेल्या धारणीकडच्या एका बाईच्या घरचे स्टँडवर येऊन ड्रायव्हरला शोधत होते. बहिणीचं लग्न जमत होतं. हमीदभाईंनी किती दिवस वाट पाहिली, कुणास ठाऊक. मग वाट पाहणं थांबवलं आणि मला छळायला सुरुवात केली. पुढं मी गाडी विकली, गिरणीत लागलो, अमरावतीला राहायला गेलो. अकोटला आलो की त्यांच्या दुकानासमोरून जाणं टाळता यायचं नाही. ते आतून आवाज द्यायचे, "आले, आले, सरकीसाहेब आले! चहा सांगा रे यायले." बसलेलं गिऱ्हाईक विचारायचं, सरकीसाहेब काहून? "त्यायलेच विचारा," असं म्हणून चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहायचे. मी चहा प्यायचो. वर्षानुवर्षं हाच खेळ. मला त्यांचाही राग येतो, खोटं कशाला सांगू? दोन शिव्या देऊन मोकळं करता आलं असतं. त्यांनी मला मोकळं केलं नाही. कधी वाटतं, बरोबर केलं.

ब्रेझिंगला एका हातात ज्योत आणि दुसऱ्या हातात सळई धरावी लागते. तीन बोटांच्या हातात सळई ठरत नव्हती. रेडिएटर धुणं, पाइप बदलणं, अशी कामं दुकानात दिसायची. पांढरा सदरा मात्र तसाच.

शेवटचं पाहिलं ते अकोल्याच्या दवाखान्यात. साखरेनं पाय सुजले होते, आवाज खाली गेला होता. मी खुर्ची ओढून बसलो. म्हटलं, हमीदभाई, मले काही बोलायचं आहे. त्यांनी डोळे उघडले. "आता? आता नको बोलू. मेल्यावर बोलशील तू. पेपरात लिहिशील. मोठं चांगलं लिहिशील, लोक म्हनतीन, काय मनाचा मोठा मानूस..." दम लागला म्हणून थांबले. "तवा सोपं असते." मग भिंतीकडे तोंड करून झोपले. मी फळांची पिशवी खुर्चीवर ठेवून निघून आलो.

ते म्हणाले तेच मी करतो आहे, हे मला कळतं. पुरवणीच्या संपादकांनी तर लेखाला 'अकोटचा जुगाडू' असं नाव सुचवलं, प्रेमानंच. मी फोनवर त्यांच्याशी भांडलो. जो माणूस कथील फसलं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे जोड पितळेचे करतो, त्याच्या कामाला तुम्ही जुगाड म्हणता आणि टायवाल्याच्या न उघडलेल्या बॉनेटला इंजिनिअरिंग? जुगाड मी केला होता. कापूस ठासून.

लेख पाठवण्याआधी, मागच्या आठवड्यात, मी शबानाकडे गेलो. शबाना हमीदभाईंची मुलगी. आता तिशीतली, नवऱ्यासह आईजवळच राहते. रेहानाभाभी आतल्या खोलीत होत्या, बाहेर आल्या नाहीत. मी सगळं सांगितलं, कापूस, झाड, दोर. शबाना दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"हे आमाले माहीत आहे, चाचा. अब्बांनी अम्मीले त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मी पेपरात लिहून राहिलो."

"पेपर स्टँडवर कोनी वाचत नाई," ती म्हणाली. "तुमी स्टँडवर चूप बसले होते नं? मंग तिथं जाऊन बोला."

गेलो. नंबरला उभ्या गाड्या, चहाच्या टपरीवर पाच-सात ड्रायव्हर, बहुतेक नवे, वासुदेव बाकावर. मला पाहून म्हणाला, "या गजूभाऊ! मातीले नाई आले डबेवाल्याच्या?" मी उभ्यानंच बोललो. आवाज गरजेपेक्षा मोठा निघत होता. माझी गाडी पेटता पेटता राहिली ती हमीदभाईंच्या डब्यानं नाही, मी त्यात ठासलेल्या कापसानं. त्यांनी लोकं वाचवली, मी पळालो. आणि तुमी सगळे इतके वर्ष त्या माणसावर हसून राहिले! नवी पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मला वाटलं, आता वासुदेव विनोद करणार. मी त्याची वाटच पाहत होतो. त्याची गचांडी धरायची असं घरूनच ठरवून आलो होतो.

वासुदेवनं चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुलेच वाटते का, तू एकटा होता?" तो हळू आवाजात म्हणाला. "मीबी भरला होता कापूस. तूच तं सांगितलं होतं. रामरावनं भरला होता, बबननं भरला होता. घराघरात पडेल होता नं... तुही गाडी पेटाले आली असं कळलं, तशी आमी रातोरात..." तो थांबला. "पह्यले कापूस काढला, मंग डबे नाल्यात फेकले."

"मंग हसले काहून रे?"

"नाई हसलो अस्तो तं कोनी डबा उघडून पाह्यला अस्ता."

मी त्याची गचांडी धरली नाही. कोणत्या हातानं धरणार होतो? एक माणूस आपली बोटं देऊन आमच्या सवाऱ्या वाचवतो, आणि अख्खं स्टँड, एकूणएक, खरं काय ते माहीत असताना त्याच्या नावाची म्हण करतं. मी इतकी वर्षं समजत होतो की हे पाप माझं एकट्याचं आहे. त्यात एक प्रकारचा मानही होता बहुतेक. ते वाटून घेतलेलं निघालं, आणि त्यानं ते हलकं झालं नाही. उलट मला पहिल्यांदा कळलं की हमीदभाई रोज संध्याकाळी कोणत्या हसण्यातून घरी जात होते. त्यांनाही माहीत असणार. नाल्यातले डबे त्यांनी पाहिलेच असतील.

तेवढ्यात प्रवीण नावाचा एक ड्रायव्हर पुढं आला. त्याची गाडी आमच्यापेक्षा नवी, टर्बोचीच. "काका, माही बी चढावर धूर फेकून राहिली. पाइप ओला आहे आतून." त्यानं बॉनेट उघडलं. मी पाइपात बोट घातलं, काळं झालं. "असा डबा कोन बनवून देते आता?" त्यानं विचारलं. वासुदेव खाली पाहायला लागला. मी म्हटलं, आता कोणी नाही. बनवणारा गेला. प्रवीण म्हणाला, "दुकान तं आहे नं? दाखवा तं खरं."

गाडी दुकानासमोर उभी केली. शटर अर्धं खाली होतं. शबाना बाहेर आली, माझ्याकडे न पाहता प्रवीणचं म्हणणं ऐकलं, इंजिनवरची जागा वितीनं मोजली. मी मधेच बोललो, "अगं, पण हे ब्रेझिंगचं काम आहे. हमीदभाईंचंच ते बंद झालं होतं..."

"कोनं सांगितलं बंद झालं होतं?" ती म्हणाली. "स्टँडवाल्याइचं बंद झालं होतं. अब्बांच्या गिऱ्हाइकाइचं चालूच होतं. दर्यापूरचे ट्रॅक्टरवाले यायचे. ज्योत अब्बा धरत होते, सळई मी धरत होती. मागच्या दोन वर्षांत तं दोन्ही मीच धरत होती."

मी त्यांचं काम बुडालं म्हणून इतकी वर्षं मनात शोक केला होता. आत येऊन एकदा पाहिलंही नव्हतं.

तिनं प्रवीणला भांड्यांच्या दुकानातून जाड स्टीलचा डबा आणि तारेची घासणी आणायला सांगितलं. तो गेला. मी वाकून शटरखालून आत जायला निघालो, निदान डबा धरू लागावं म्हणून.

"तुमी बाहेर बसा, चाचा," ती म्हणाली.

बाहेर लाकडी बाक आहे. मी बसलो. प्रवीण सामान घेऊन आला, आत गेला. थोड्या वेळानं आतून ज्योतीचा सों सों आवाज सुरू झाला. रस्त्यानं जाणारे दोघेतिघे ओळखीचे थांबले, काय गजूभाऊ, इथं कसे? मी सांगितलं, डबा बनून राहिला आहे. हमीदभाईंसारखा. कोणी हसलं नाही. हसले असते तरी मी उठणार नव्हतो.